रिकीब कोणत्या पायासाठी?

१/ बदलापूर या नावाची एक व्युत्पत्ती आपण ऐकली असेल: मराठी स्वार येथे थकलेले घोडे बदलत, म्हणून 'बदलापूर'. ही लोककथा आहे. तिला पुरावा मानता येत नाही. परंतु तिच्यातून एक चांगला प्रश्न निघतो. घोडा बदलला तरी स्वाराचे पाय तेच राहतात. त्या पायांना आधार देणाऱ्या रिकिबीचा हा इतिहास.

२/ रिकीब म्हणजे खोगिराच्या दोन्ही बाजूंना पट्ट्याने लोंबणारी, पाय ठेवण्याची कडी. मूळ शब्द अरबी 'रिकाब'. फारसीतून तो आपल्याकडे आला. चढताना ती पायरी होते, लढताना तोल सांभाळते.

३/ बदलापूरहून कर्जत, मग बोरघाट, मग लोणावळ्यापुढचे मळवली. तेथून जवळच भाजे लेणी आहेत. भाजे, सांची आणि मथुरा येथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पांत तंगाखाली पाय सरकवून बसलेले स्वार दिसतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास भारतात केवळ पायाचा अंगठा अडकवण्याचा फासही वापरात होता.

४/ हा फास अनवाणी पायासाठी योग्य होता. जाड बूट त्यात शिरणार नाही. थंड प्रदेशातील स्वाराला संपूर्ण पाऊल मावेल अशी कडी हवी होती. चीनमधील चांगशा येथील इ.स. ३०२ च्या थडग्यातील मूर्तीवर एकाच बाजूला रिकीब आहे, तीही बहुधा चढण्यापुरती. नानजिंगजवळील ३२२ च्या मूर्तीवर मात्र ती दोन्ही बाजूंना आहे.

५/ 'रिकीब आधी आमची' आणि 'खरी रिकीब चिनी' हा वाद म्हणूनच अपुरा ठरतो. अंगठ्याचा फास मागासलेला नव्हता. तो वेगळ्या हवामानातील, वेगळ्या पायासाठी होता. आज स्नोबोर्डची बंधने निवडणारा खेळाडूही आधी बूट पाहतो.

६/ पायानंतर प्रश्न येतो कामाचा. आखूड पट्ट्यावर गुडघे वाकतात. रिकिबीत उभे राहून, वळून बाण सोडता येतो. म्हणून गवताळ प्रदेशातील धनुर्धर ती आखूड ठेवत. लांब पट्ट्यावर पाय सरळ राहतात; युरोपातील चिलखती भालाईत असे बसत.

७/ आता मराठी फौजेकडे पाहू. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. शिलेदाराचे सामान त्याच्या पायाला सरावलेले असणार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्याला मात्र पट्ट्याची लांबी आधी जुळवून घ्यावी लागते. घोडा बदलण्याच्या कथेत हे छोटे काम कोणी सांगत नाही. वेगवान दौड मात्र त्यावरही अवलंबून असते.

८/ भाज्याला गेलात तर घोडेस्वारांची शस्त्रे आणि अलंकार पाहाच, पण त्यांचे पाय कोठे आहेत हेही शोधा.