शर्यतीचा ड्रायव्हर

आम्हा सोलापूरकडच्या पोरांचा हीरो म्हणजे ड्रायव्हर... मोटारीचा नव्हे, बैलगाडीचा! सांगोला-माळशिरसकडच्या मैदानांत शर्यतीचा छकडा पळवणाऱ्याला ड्रायव्हरच म्हणतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. झेंडा पडला की तो हलक्या छकड्यावर तोल सावरत असा सुटायचा, की आमचा श्वास अडकायचा! हातात काठी नाहीतर चाबूक. तेव्हा ते कुणालाच खटकत नसे.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांचे हाल पाहून शर्यती थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा मान्य केला. नियमात आता काठी-चाबकाला मनाई आहे.

नुसत्या हाकेवर बैल पळवणारा ड्रायव्हर असेल, तर त्याच्यासाठी मी आजही उन्हात उभा राहीन.