स्टॉकिंगचा वरचा काठ

स्टॉकिंगचा वरचा काठ म्हणजे मांडीपर्यंत येणाऱ्या लांब पायमोज्याच्या तोंडाशी असलेली दुपदरी, जाड विणीची पट्टी होय. व्यवसायात तिला ‘वेल्ट’ म्हणतात. मोज्याचा हा सर्वांत कमी दिसणारा भाग असला, तरी मोजा पायावर टिकून राहतो तो प्रामुख्याने त्याच्यामुळे. काठाचा गडद रंग, त्याखालची छिद्रांची ओळ, मागच्या शिवणीवरचे गोल भोक या गोष्टी आज शोभेच्या मानल्या जातात. परंतु त्यांचा उगम विणकामातील अडचणींत आहे.

शब्दांविषयी

‘मोजा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. ‘होजिअरी’ हा इंग्रजी शब्द मुळात पाय झाकणाऱ्या ‘होज’ या वस्त्रावरून बनला. भारतात मात्र होजिअरी म्हटले की बनियन आणि अंतर्वस्त्रेच प्रथम डोळ्यांपुढे येतात. प्रस्तुत लेखात हा शब्द मूळ अर्थाने घेतला आहे.

दुपदरी काठाची गरज

साध्या विणीच्या कापडात प्रत्येक टाका खालच्या ओळीतील टाक्यातून ओढून घेतलेला असतो. त्यामुळे कापड ताणले जाते आणि पायाच्या आकाराशी जुळवून घेते. मात्र याच रचनेमुळे दोन दोषही निर्माण होतात. कापडाची मोकळी कड गुंडाळली जाते. आणि एखादा टाका तुटला, की त्या उभ्या रांगेतील टाके एकामागून एक सुटत जाऊन शिडीसारखी रेघ उमटते. कमरपट्ट्यापासून लोंबणाऱ्या सस्पेंडरच्या चिमट्या नेमक्या याच कडेला लावायच्या असतात. चालताना आणि विशेषतः बसताना पडणारा ताण त्या दोन-तीन ठिकाणी एकवटतो. तलम कापड तो सहन करू शकत नाही.

यावरचा उपाय असा, की काठ हव्या त्या रुंदीच्या दुप्पट विणून आतल्या बाजूस दुमडायचा. दुमडीमुळे मोकळी कड उरत नाही आणि चिमटीत एकाऐवजी दोन पदर येतात. शिवाय काठाचे सूत पायाच्या सुतापेक्षा जाड घेतात; उदाहरणार्थ, पाय १५ डेनिअरचा असेल तर काठ ३० डेनिअरचा. (डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन.) मात्र जाड काठ संपून एकदम तलम कापड सुरू झाले, तर ताण त्या सांध्यावर येईल. म्हणून काठाखाली मध्यम जाडीचा आणखी एक पट्टा विणतात. त्याला ‘आफ्टरवेल्ट’ किंवा ‘शॅडो वेल्ट’ असे नाव आहे. काही मोज्यांत त्याखाली जाळीदार टाक्यांची एक ओळ असते. वरून सुटत आलेली रेघ तिच्यापाशी अडते. गडद काठाखाली फिकट आणि त्याखाली पारदर्शक अशी जी छटा दिसते, ती कापडाच्या या पायऱ्यांमुळे.

विणण्याची पद्धत

इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास मोजे विणण्याची चौकट तयार केली. तिच्याच तत्त्वाचा विकास करून लफबरो येथील विल्यम कॉटन याने १८६४ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. या यंत्रावर मोजा सपाट विणला जातो, टाके कमी करत त्याला पोटरी-घोट्याचा आकार दिला जातो आणि शेवटी मागच्या बाजूस शिवण घातली जाते.

विणकाम वरून खाली होत असल्यामुळे काठ सर्वांत आधी तयार होतो. पहिल्या ओळीचे टाके आकड्यांच्या एका पट्टीवर धरून ठेवतात. काठाच्या दुप्पट लांबीचे कापड विणून झाले, की ते टाके परत आणून सुयांवर चढवतात. पुढची ओळ दोन्ही पदरांतून जाते आणि दुमड तेथेच बंद होते. वेगळी शिलाई लागत नाही. पूर्वी ही उलटापालट कामगार हाताने करीत. प्रत्येक टाका आपल्याच सुईवर बसला पाहिजे, म्हणून हे काम अतिशय नजरेचे होते. एक टाका निसटला तरी माल वाया जाई. वर्तुळाकार यंत्रावरही तत्त्व हेच असते, फक्त पहिले टाके मधल्या चकतीवरील आकडे धरतात. तेथे मोजा नळीसारखा विणला जात असल्याने शिवण नसते.

सपाट विणलेल्या मोज्याच्या काठावर, शिवणीच्या टोकाशी एक छोटे गोल भोक राहते. बसताना मांडीचा घेर वाढतो तेव्हा काठाला त्यामुळे थोडी मोकळीक मिळते, असे सांगतात. पुढे हे भोक अस्सल शिवणीच्या मोज्याची खूण ठरले. नळीसारख्या मोज्यांवर खोटी शिवण काढण्याची प्रथाही पडली.

शैलीतील बदल

काठ सजवण्याची हौस जुनीच आहे. सतराव्या शतकात युरोपातील पुरुष बुटांच्या तोंडाशी दिसावेत म्हणून लेस लावलेले वरमोजे घालीत. स्कॉटलंडमध्ये किल्टसोबतच्या लोकरी मोज्यांचा काठ खाली उलटवतात; मोजा बांधणारा गार्टर त्याखाली झाकला जातो.

१५ मे १९४० रोजी अमेरिकेत नायलॉनचे मोजे सर्वत्र विक्रीस आले. महायुद्धात नायलॉन हवाईछत्र्यांसाठी वळवले गेल्याने ते बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. १९५९ मध्ये ग्लेन रेव्हन मिल्स या अमेरिकन गिरणीने चड्डी आणि मोजे एकत्र विणून बाजारात आणले. पुढे आखूड स्कर्टची लाट आली, त्याखाली काठ दिसू लागला आणि ग्राहक या नव्या प्रकाराकडे वळले. त्यात वेल्टची गरजच उरत नाही.

चिमट्यांशिवाय टिकणाऱ्या ‘होल्ड-अप’ मोज्यांत काठाला लवचीक लेस असते आणि तिच्या आतून सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. पकड घर्षणाची असल्यामुळे त्वचेवर तेल किंवा क्रीम असल्यास मोजा घसरतो. काहींना सिलिकॉनमुळे पुरळही येते.

वैद्यकीय मोजे

पायांच्या शिरा फुगण्याच्या विकारात वापरल्या जाणाऱ्या दाबमोज्यांत काठाचे महत्त्व निराळे आहे. या मोज्यांचा दाब घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी कमी होत गेलेला असतो, जेणेकरून रक्त हृदयाकडे परतण्यास मदत होते. मोजा लांब वाटतो किंवा उकडते म्हणून अनेक जण काठ खाली गुंडाळतात. तसे केल्याने दोन किंवा अधिक पदरांचा दाब एकाच ठिकाणी पडतो, पायाला दोरी आवळल्यासारखे होते आणि रक्ताला वाट मिळण्याऐवजी अडथळा होतो. लांबीला मोठा होणारा मोजा गुंडाळण्याऐवजी पायाचे माप पुन्हा घेऊन बदलून घ्यावा लागतो.