शाराकूचे स्त्रीपात्र

१६२९ मध्ये शोगुनशाहीने काबुकीत स्त्रियांना बंदी केली, १६५२ मध्ये किशोर नटांनाही. उरलेल्या पुरुषांना कपाळावरचे केस भादरावे लागले. स्त्रीभूमिका करणारे ‘ओन्नागाता’ नट ती जागा जांभळ्या कापडाने झाकू लागले आणि पुढे ते कापडच स्त्रीपात्राची खूण ठरले. दंडाचा असा अलंकार व्हावा, ही बाब संकेतमीमांसेच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

एदोतील बहुतेक काष्ठमुद्रित नटचित्रांत नट विरतो, केवळ स्त्री उरते. १७९४ मध्ये शाराकूने चितारलेली यादोरिगी पाहावी. गडद अभ्रकी पार्श्वभूमीवर लांबट, जड जबड्याचा चेहरा. दुसरा सेगावा तोमिसाबुरो लपतच नाही. याला व्यंगचित्र म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. व्यंगाला भ्रमभंग हवा असतो. इथे भ्रम मुळातच नाही. वेष, केशरचना, मान कलवण्याची ढब यांतून स्त्रीत्व रचले जाते, आणि रचणाराही दिसत राहतो. शाराकूने या दोहोंना एकाच रेषेत धरले.

समकालीन ओता नान्पो याने त्याच्यावर अतिसत्याचा ठपका ठेवला. जेमतेम दहा महिन्यांत शाराकूची चित्रे थांबली. तोयोकुनीचे देखणे नट मात्र खपत राहिले.