पिस्तुलाला लावलेला ‘कॉम्पेन्सेटर’ नेमका काय करतो? त्याची चाचणी कशी घेतात?

पिस्तुलातून गोळी सुटली की हाताला झटका बसतो आणि नळीचं तोंड वर उचललं जातं. पुढची गोळी झाडण्याआधी नेम पुन्हा धरावा लागतो. हा वेळ वाचवण्यासाठी काही पिस्तुलांच्या नळीच्या टोकाला ‘कॉम्पेन्सेटर’ असतो. त्याच्या वरच्या छिद्रांतून गरम वायू जोरात वर निघतो आणि त्याच्या दाबाने नळी खाली राहते.

मात्र असं पिस्तूल चांगलं आहे की नाही, हे रेंजवरच कळतं. तिथे तीन गोष्टी तपासतात.

१. भरवसा
कॉम्पेन्सेटरमुळे नळीच्या टोकाला वजन वाढतं आणि स्लाइड मागे येण्याचा वेग कमी होऊ शकतो. मग रिकामं काडतूस अडकतं किंवा पुढचं नीट भरलं जात नाही. त्यामुळे वेगवेगळ्या प्रकारची काडतुसं आणि एकाहून अधिक मॅगझिन वापरून प्रत्येक अडथळ्याची नोंद ठेवतात. सौम्य काडतुसांवर ही अडचण आधी दिसते.

२. अचूकता
इथे नेमबाजाच्या हाताची नाही, पिस्तुलाची परीक्षा असते. म्हणून ते टेकूवर ठेवून ठरावीक अंतरावरून पाच-पाच गोळ्या झाडतात आणि सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर मोजतात. हे अंतर जितकं कमी, तितकी अचूकता जास्त.

३. सोय
झटका कमी जाणवतो, पण आवाज आणि वायूचा झोत वाढतो. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एवढ्या आवाजाने कानाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कानाचं संरक्षण आणि चष्मा सक्तीचा. शेजारच्या नेमबाजाला होणारा त्रासही पाहावा लागतो.

स्पर्धेत चालतं का?
आयपीएससीच्या ‘ओपन’ गटात कॉम्पेन्सेटर चालतो. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तो वापरता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक जिंकलं.

परवानाधारकाला फायदा किती?
भारतात ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे सामान्य परवानाधारकाकडे बहुधा .३२ बोअरचं शस्त्र असतं. त्याच्या काडतुसाचा दाब ९ मिमीपेक्षा बराच कमी. जिथे वायूचा जोरच कमी, तिथे कॉम्पेन्सेटरचा उपयोगही कमी.

कायदा काय सांगतो?
शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मिती, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी या कामांसाठी परवाना लागतो. त्यामुळे ओळखीच्या कारागिराकडून नळीत बदल करून घेणं अंगाशी येऊ शकतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर लग्न-वरातीत हवेत बेफिकीर गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

धारणीसारख्या मेळघाटातल्या तालुक्यात आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. हातात परवाना असला, तरी ‘जंगलात जाऊन दोन गोळ्या मारून पाहू’ हा पर्याय नाही. चाचणीची जागा एकच, अधिकृत रेंज.