विदर्भातील सिकलसेल आणि जनुकछेदनाची अचूकता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१९५२ साली लेहमन व कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेलची नोंद केली आणि भारतात हा ‘आदिवासींचा आजार’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि नागपूर परिसर या संशोधनाच्या नकाशावर आला. पुढील सर्वेक्षणांत हा दोष विदर्भातील गोंड, माडिया यांच्याप्रमाणेच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही आढळला. प्रस्तुत लेखात या आजारावरील जनुकीय उपचारांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

निदानापासून छेदनापर्यंत :
नवजात बालकांच्या रक्तपेशी क्वचितच विळ्याचा आकार घेतात, हे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये दाखविले. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांचे रक्षण करते. जन्मानंतर ते घटविण्यात ‘बीसीएल११ए’ या जनुकाचा मोठा वाटा असतो. रक्त निर्माण करणाऱ्या पेशींत त्याचे कार्य खंडित केल्यास गर्भीय हिमोग्लोबिन पुन्हा वाढते.

त्यासाठी जनुकाचा नेमका भाग छेदावा लागतो. क्रिस्पर तंत्रातील कॅस-९ हे विकर डीएनएचे दोन्ही धागे एकदम कापते. मात्र मिळताजुळता क्रम दिसल्यास ते भलत्याच ठिकाणीही छेद घेऊ शकते. यावर २०१३ मध्ये जोडनिकेज पद्धती पुढे आली. एकच धागा कापणारी कॅस-९ची दोन विकरे समोरासमोरच्या धाग्यांवर जवळजवळ आणली असता दुहेरी छेद होतो. पेशी तो सांधताना चुका करते व जनुक निकामी होते. चुकीच्या जागी पडलेला एकेरी छेद मात्र बहुधा बिनचूक भरून येतो. फेंग झँग यांच्या गटाने मानवी पेशींत अनिष्ट छेद ५० ते १५०० पटींनी घटल्याचे नोंदविले.

२०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘कॅसजेव्ही’ हा उपचार नेहमीच्या कॅस-९वर आधारलेला असून अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या ‘बिरसा-१०१’ या स्वदेशी उपचाराची घोषणा झाली व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार करण्यात आला.

निष्कर्ष :
प्रयोगशाळेत अचूकतेचा प्रश्न योग्य जागा निवडण्याचा आहे. आरोग्यधोरणात तो योग्य माणसे निवडण्याचा आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने आदिवासीबहुल क्षेत्रांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. ते आवश्यकच होते. तथापि नागपूरच्या वस्त्यांतील बिगर-आदिवासी रुग्ण या व्याख्येबाहेर राहू नयेत, यासाठी समाजाच्या नावापेक्षा रक्ततपासणीचा निष्कर्ष हाच उपचाराच्या पात्रतेचा आधार असला पाहिजे. विदर्भातील सर्वेक्षणांचा इतिहास याच दिशेने निर्देश करतो.