नागपूर, रविवार, 29 नोव्हेंबर 1970

उतरा, नागपूर आलं. हावडा मेलच्या तिसऱ्या वर्गात रात्रभर पाय आखडून बसलात, तेव्हा फलाटावर चार पावलं लंगडणारच. बाहेर आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या टोपल्या लागल्या आहेत. थंडी चांगलीच आहे. मोबाइल घरी ठेवून आलात हे बरं केलंत. पण खिशातली नाणी इथं कुणी घेणार नाही, हे सायकलरिक्षावाल्याला आधी सांगू नका.

"सदरले जायचं का भाऊ? सकाळपासून सारे तिकडंच चालले."

तिकडेच जायचंय, ऑल सेंट्स कॅथेड्रलला. आवारात मोठा मांडव घातलाय. आगमनकाळाचा हा पहिला रविवार, पण आज नेहमीची उपासना नाही. सहा वेगवेगळ्या मंडळ्या आज आपापली नावं खाली ठेवून एका नावात शिरणार आहेत: उत्तर भारतीय मंडळी, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. बोलणी 1929 साली लखनौला सुरू झाली होती. म्हणजे इथं आलेल्या कितीतरी तरुण पाळकांच्या जन्माच्याही आधी.

मांडवात मागच्या बाजूला बसा. पांढऱ्या झग्यातले अँग्लिकन लगेच ओळखू येतात. बाकीच्यांचं तसं नाही. कोटातला माणूस बॅप्टिस्ट असेल, डिसायपल्स ऑफ क्राइस्ट मंडळीतला असेल किंवा ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचा मेथडिस्टही असेल. तुमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ सरकून बसतात.

"सलाम! कुठून आलात?"

"पुण्याहून," तुम्ही म्हणता. साल सांगत नाही.

"मी नगरचा. अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल. आणि हे आमचे पाहुणे, डहाणूचे. ब्रदरन." पलीकडचा सावळा, मध्यमवयीन माणूस मान लववतो. "यांच्यात पाण्यात तीनदा बुडवतात. आम्ही नुसतं शिंपडतो. रात्री गाडीत यांनी मला दोन तास समजावलं, की मी अजून कोरडाच आहे म्हणून."

डहाणूकर हसतात. "अन् शेवटी काका म्हणाले, झोपू द्या."

हे हसण्यावारी जातंय खरं, पण या एकाच मुद्द्यावर समित्यांच्या बैठकांमागून बैठका झाल्या आहेत. बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स यांच्या मते बाप्तिस्मा घ्यायचा तो समजत्या वयात, विश्वास स्वतः कबूल करून. बाकीचे तान्ह्या बाळालाही देतात. ठरलं ते असं की दोन्ही रीती राहतील, दोन्ही सारख्या मानल्या जातील, कोणती घ्यायची ते घरच्यांनी ठरवावं. कागदावर दोन ओळींचं काम. पण आपल्या आजोबांनी ज्यासाठी गाव सोडलं, तीच गोष्ट 'दोन्हीपैकी एक' म्हणून मान्य करायला कमी जिगर लागत नाही.

काकांना विचारा, तुम्ही काँग्रिगेशनल कसे झालात? ते म्हणतील, "झालो कसला, नगरात जन्मलो." नगर-सोलापूर अमेरिकन मिशनकडे, जालना आणि हे नागपूर स्कॉटिश मिशनकडे, डहाणू ब्रदरनकडे. मिशनांनी मुलूख आपसांत वाटून घेतला होता, एकमेकांच्या शेतात पेरायचं नाही म्हणून. त्यामुळे इथं जिल्हा बदलला की पंथ बदलायचा. स्कॉटलंडच्या डोंगरांत आणि इंग्लंडच्या पार्लमेंटात जी भांडणं पेटली, त्यांच्याशी जालन्याच्या महार-मांगांतून ख्रिस्ती झालेल्या माणसाचा काय संबंध? ती बोटीतून आली आणि आपण ती वारसाहक्कानं सांभाळली. दक्षिणेतले अँग्लिकन बिशप अझराया आणि त्यांच्या सोबत्यांनी 1919 च्या मे महिन्यात तरंगमबाडीला हीच खंत जाहीरनाम्यात मांडली होती. त्याच महिन्यात मुंबईत कवी नारायण वामन टिळक वारले. त्यांनी तर त्याच्या दोन वर्षं आधी मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला होता, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. त्या मानानं आजचा मांडव सोवळाच म्हणायचा.

उभे राहा, मुख्य भाग आता येतोय.

मद्रासला 27 सप्टेंबर 1947 रोजी दक्षिण भारतीय मंडळी झाली, तेव्हा तिथल्यांनी एक गोष्ट काळावर सोपवली. जुने पाळक जसे होते तसे राहू दिले, पुढच्या सगळ्यांना बिशप दीक्षा देतील असं ठरवलं. उत्तरेकडच्यांनी ठरवलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवायचा. आणि तो प्रश्न साधा नाही. अँग्लिकनांच्या लेखी बिशपानं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही. बॅप्टिस्टाच्या लेखी त्याला मंडळीनं बोलावलं, देवानं बोलावलं, आणखी कुणाचा हात कशाला? मग कुणी कुणाच्या डोक्यावर हात ठेवायचा?

सगळ्यांनी सगळ्यांच्या.

आता नीट बघा. प्रतिनिधी पुढे आले आहेत. काही गुडघे टेकतात, बाकीचे त्यांच्या मस्तकांवर हात ठेवतात आणि प्रार्थना होते. मग उलट. ज्यांनी हात ठेवले तेच आता खाली वाकतात. यात बिशपही आहेत. कालपर्यंत ज्यांच्या हातचं प्रभुभोजन नियमाप्रमाणे अपुरं ठरत होतं, त्यांचेच तळवे आज बिशपांच्या केसांवर टेकले आहेत. प्रार्थनेचा आशय मोठ्या धूर्तपणानं, की नम्रपणानं म्हणावं, ठरवलेला आहे. कुणात काय उणं आहे हे माणसांनी सांगायचं नाही. ज्याच्यात जे उणं असेल ते देवानं आपल्या इच्छेप्रमाणे भरून काढावं, एवढंच मागायचं. ही पुन्हा दीक्षा आहे का? योजनेत स्पष्ट म्हटलंय, नाही. मग काय आहे? त्याचं उत्तर देवावर सोडलंय. इंग्लंडातल्या काही पंडितांना हे फार खुपलं. मला मात्र वाटतं, साऱ्या योजनेतला हा सर्वांत शहाणा परिच्छेद आहे.

हेच वळण ऐक्याच्या प्रार्थनेनंही घेतलं होतं. अमेरिकेत पॉल वॉटसन यांनी 1908 साली जानेवारीतला प्रार्थनेचा आठवडा सुरू केला, तेव्हा त्यांच्या मनात होतं की सगळ्यांनी रोमकडे परत यावं. ते स्वतः पुढच्याच वर्षी कॅथलिक झाले. अशी प्रार्थना दुसऱ्यांना करता येत नाही. 'तू चुकलास, परत ये' असं दोघेही एकमेकांना म्हणत बसतात. पुढे लियोंच्या फादर कुतुरिये यांनी 1930 च्या दशकात मागणंच बदललं: ख्रिस्ताला हवं तसं आणि त्याला हव्या त्या मार्गानं ऐक्य होवो. तेव्हा कुठे सगळे एका खोलीत बसू शकले. तुमच्या काळात 18 ते 25 जानेवारीला जो सप्ताह पाळतात, तो हाच.

हात खाली आले, गाणं सुरू झालंय. काका डोळे पुसत नाहीत, नाक शिंकरतात.

"मेथडिस्ट पाहिजे होते," ते म्हणतात. "आमच्या ओळखीचे किती तरी."

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, सदर्न एशियावाले, वर्षानुवर्षं बोलण्यांत होते. ऑगस्टमध्ये त्यांच्या परिषदेत मत फिरलं आणि ते बाहेर राहिले. गंमत अशी की याच महिन्याच्या 1 तारखेला चर्च ऑफ पाकिस्तान स्थापन झालं आणि त्यात तिथले मेथडिस्ट सामील झाले. सीमेपलीकडचे आत गेले, अलीकडचे दारात थांबले. काकांचं म्हणणं वेगळंच: "गाणी तर तेही टिळकांचीच म्हणतात. उपासना संगीत उघडलं की कोण कुठला कळतं का?" बरोबर आहे त्यांचं, पण गाण्यांच्या पुस्तकाला जमीनजुमला नसतो.

दुपारी पंगतीत तिघं शेजारी बसलात. पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी. डहाणूकर बराच वेळ गप्प आहेत. ब्रदरन लोक प्रीतिभोजनाआधी एकमेकांचे पाय धुतात, आणि त्यांना काळजी हीच, की नव्या मंडळीत ती रीत राहील का. काका म्हणतात, "राहील की. मलाही शिकवा. गुडघे दुखतात, पण वाकेन." मग डहाणूकर खालच्या आवाजात खरी गोष्ट काढतात.

"आमचं प्रार्थनाघर, शाळेची जागा... ती आता कुणाच्या नावावर?"

"ठराव झालाय ना तुमचा? सामील व्हायचा?" काका विचारतात.

"झालाय."

"मग झालं तर. सगळं एकच."

घास तुमच्या हातात तसाच राहतो. तुम्हाला पुढचं माहीत आहे. गुजरातेत काही ब्रदरन वेगळेच राहतील, मिळकतींचे दावे लागतील, वर्षानुवर्षं कोर्टात फिरतील. 2013 साली सर्वोच्च न्यायालय सांगेल की नुसत्या ठरावानं सार्वजनिक न्यासाची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही. मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हस्तांतर रीतसर व्हायला हवं होतं. डोक्यांवर हात ठेवायची रीत लोकांनी एवढ्या बारकाईनं लिहिली, आणि सातबारा तसाच राहिला.

काळातून आलेल्यानं काही बदलू नये म्हणतात. पण पंगतीत कोण पाहतंय?

"साहेब," तुम्ही म्हणता, "ट्रस्टचे कागद काढा. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन बदल नोंदवून घ्या. ठरावावर विसंबू नका. उद्याच जा."

डहाणूकर तुमच्याकडे टक लावून बघतात. काका वरण ओढतात.

"वकील दिसता तुम्ही."

"नाही."

"मग उद्याची घाई कसली? उद्या हे इथंच आहेत, सिनॉड आहे," काका म्हणतात. "भात घ्या अजून."