स्थानिक-वैश्विक तत्त्व

स्थानिक-वैश्विक तत्त्व किंवा हासे तत्त्व ही संख्या सिद्धांतातील एक संकल्पना आहे. एखाद्या बैजिक वक्रावर वास्तव बिंदू असेल आणि प्रत्येक मूळ संख्या ‘प’साठी प-अ‍ॅडिक बिंदूही असेल, तर त्यावर परिमेय बिंदू असतोच का, हा तिचा विषय होय. प-अ‍ॅडिक कसोटी म्हणजे स्थूलमानाने प, प², प³ इत्यादींनी भागल्यावर समीकरणाच्या दोन्ही बाजूंच्या बाक्या जुळणे. परिमेय बिंदू असल्यास या सर्व ‘स्थानिक’ कसोट्या आपोआप पार पडतात; खरा प्रश्न उलट दिशेचा आहे.

भास्कराचार्यांचे समीकरण

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (१२वे शतक) या ग्रंथात न·क्ष² − १ = य² या समीकरणाचा विचार आहे. न ही दोन वर्गांची बेरीज नसेल तर उदाहरण ‘खिल’, म्हणजे अशक्य, असे ते सांगतात. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद तेथील इ.स. १२०७च्या शिलालेखात आहे.

न = १३ असता १३ = ३² + २², म्हणून क्ष = १/२, य = ३/२ ही उकल मिळते. न = ३ असता छेद काढल्यावर समीकरण ३क² = ख² + ग² असे होते. वर्गाला ३ने भागल्यास बाकी ० किंवा १ उरते. त्यामुळे ख व ग, आणि पाठोपाठ क, ३ने विभाज्य ठरतात. हेच पुनःपुन्हा लागू होत असल्याने शून्येतर उकल संभवत नाही. येथे ३ या एकाच मूळ संख्येचा अडथळा पुरेसा आहे. भास्कराचार्यांना आधुनिक तत्त्व ज्ञात होते असा याचा अर्थ नव्हे.

पूर्णांकांत मात्र तत्त्व फसते. न = ३४ असता (१/३, ५/३) आणि (१/५, ३/५) या दोन उकली आहेत. ३ सोडून इतर मूळ संख्यांना पहिली, तर ३ला दुसरी चालते. तरीही पूर्णांक उकल एकही नाही.

व्याप्ती

द्विघाती समीकरणांसाठी तत्त्व सत्य आहे (हासे-मिंकोव्स्की प्रमेय). त्रिघाती वक्रांत ते ढळते: ३क्ष³ + ४य³ + ५झ³ = ० या वक्रावर सर्व स्थानिक बिंदू असूनही परिमेय बिंदू नाही, असे अर्न्स्ट सेल्मर यांनी १९५१ मध्ये दाखवले. असे वक्र अपवादात्मक नाहीत. त्रिघाती प्रतलीय वक्रांपैकी धन प्रमाणात तत्त्व फसते, हे मंजुल भार्गव यांनी २०१४ मध्ये सिद्ध केले. दिलेल्या त्रिघाती वक्रावर परिमेय बिंदू आहे की नाही हे प्रत्येक वेळी निश्चितपणे ठरवणारी सिद्ध रीत अद्याप उपलब्ध नाही.